जी वाट चढलात, तीच उतरा: डोंगरवाटांवर सायकल शिकताना

गावाभोवतीच्या टेकड्या आणि दऱ्यांमधून सायकल चालवायची हौस आली, की बहुतेक जण आधी सायकलीच्या मागे लागतात. गिअर किती, सस्पेन्शन फक्त पुढे की मागेही, चाक केवढं. ते सगळं पुढे येईलच, पण मी सुरुवात वाटेपासून करायला सांगेन. खास सायकलींसाठी बांधलेल्या ट्रेलवर वळणांना बाहेरून उंचवटा दिलेला असतो, पाणी बाजूला काढलेलं असतं आणि तोंडाशीच अवघडपणाची पाटी असते. गावाच्या वाटा अशा कुणी आखलेल्या नसतात. गुरं चरायला नेताना, ओढ्यावर जाता-येता, डोंगरापलीकडच्या वस्तीशी येणं-जाणं ठेवताना त्या पडत गेल्या. पुढच्या वळणाआड काय आहे, हे तिथे कोणतीही पाटी सांगत नाही.

म्हणून नवशिक्यासाठी एक नियम मी बाकी सगळ्यांच्या वर ठेवतो: सुरुवातीचे काही महिने जी वाट चढून गेलात, तीच उतरा. चढताना वेग चालण्याएवढाच असतो. सुटे दगड कुठे आहेत, झाडाचं मूळ कुठे आडवं आलंय, वाट कुठे निमुळती होऊन शेजारी खोल उतार आहे, हे डोळ्यांना निवांत दिसतं. उतरताना ते सगळं आधीच माहीत असतं, आणि ब्रेक कुठे दाबायचा याचा निर्णय वर जातानाच झालेला असतो. एका बाजूने चढून दुसरीकडून उतरणारी गोल फेरी नकाशावर देखणी दिसते खरी, पण अनोळखी उतार ही नवशिक्याची जागा नव्हे.

घरी बसून: किलोमीटर बाजूला ठेवा, उंची मोजा

डोंगरात अंतर फसवतं. सपाट डांबरी रस्त्यावरचे वीस किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ असलेल्या मातीच्या वाटेवरचे वीस किलोमीटर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिल्या फेऱ्यांना जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर आणि एकूण दोनशे-तीनशे मीटर चढ पुरेसा आहे.

उंची समजते ती समोच्च रेषांवरून, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. लगतच्या दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक असेल आणि तुमची वाट दर चार मिलिमीटरला एक रेषा ओलांडत असेल, तर चढ १० टक्क्यांचा. दर दोन मिलिमीटरला ओलांडत असेल, तर २० टक्क्यांचा. मातीवर १० टक्के चढ सलग लागला तर नवशिक्याचा चांगलाच दम निघतो. २० टक्क्यांवर बहुतेक जण उतरून सायकल ढकलतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वाट रेषांना कशी छेदते, तेही बघा. रेषांच्या जवळजवळ समांतर जाणारी वाट म्हणजे डोंगराच्या कुशीतून जाणारी आडवी वाट. तिला चढ कमी असतो, मात्र एका बाजूला दरी असू शकते. खोल दरी नजरेसमोर आली की वाटणारी भीती, ट्रेकर जिला दृष्टीभय म्हणतात, ती असल्या ठिकाणी सायकलवर दुप्पट जाणवते, कारण नजर दरीकडे गेली की हँडलही तिकडेच वळू लागतं. याउलट रेषांना काटकोनात कापत सोंडेवरून थेट खाली येणारी वाट जवळची असते आणि बहुतेकदा खराब. अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने, म्हणजे इम्बाने, वाटा बांधणाऱ्यांसाठी एक आडाखा दिला आहे: वाटेचा उतार ती ज्या डोंगरउतारावर आहे त्याच्या निम्म्याहून जास्त नसावा. जास्त झाला की पाणी वाट ओलांडून पलीकडे उतरायचं सोडून वाटेनेच धावतं, माती नेतं आणि मागे नाली उरते. गावाच्या जुन्या सरळ वाटा अशाच खचलेल्या दिसतात. नकाशावर असा तुकडा दिसला तर तो पायी उतरायचा धरूनच बेत आखा.

ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर बऱ्याच भागांत वाटांना सायकलसाठीची अवघडपणाची श्रेणी दिलेली असते. ती जर्मन भाषक प्रदेशात रुळलेल्या ‘सिंगलट्रेल स्काला’ या एस-० ते एस-५ मोजपट्टीवरून घेतली आहे. एस-० म्हणजे अडथळा नसलेली, घट्ट वाट. एस-१ वर लहान मुळं आणि दगड. एस-२ पासून मोठे दगड आणि पायऱ्या सुरू होतात. पहिलं वर्ष शून्य आणि एकमध्ये घालवलं तर काही बिघडत नाही. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की ही माहिती स्वयंसेवकांनी भरलेली असते आणि मधल्या काळात दरड कोसळली असेल तर नकाशाला ते कळलेलं नसतं.

शेवटचा हिशेब परतीचा, आणि तो पायी चालण्याचा. सायकल मोडली तर तुम्ही ती ढकलत घरी येणार आहात. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ मध्ये चालण्याच्या वेळेचा एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. सर्वांत लांबच्या ठिकाणापासून गावापर्यंत या हिशेबाने किती वेळ लागेल ते काढा. त्यात सायकल ओढण्याची भर घाला. येणारी वेळ अंधाराच्या पलीकडे जात असेल तर फेरी लहान करा.

निघण्याआधी: जायची मुभा आहे का?

पाऊलवाट दिसते म्हणजे तिच्यावर सायकल न्यायला चालते असं नाही, आणि याचे नियम देशागणिक निराळे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोडेवाटांवर सायकलला हक्क दिला, पण निव्वळ पादचाऱ्यांच्या वाटांवर तो नाही. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानुसार जबाबदारीने वागणाऱ्याला बहुतेक मोकळ्या जमिनीवरून जाता येतं. अमेरिकेत संघराज्याने ‘विल्डरनेस’ म्हणून राखलेल्या क्षेत्रांत सायकल पूर्ण बंद आहे. तुम्ही जिथे जाणार तिथे वन खात्याची हद्द, राखीव क्षेत्र आणि खासगी जमीन यांची चौकशी आधीच करून ठेवा.

कायद्याइतकंच गावात विचारणंही गरजेचं आहे. फक्त प्रश्न नीट विचारा. ‘इथून सायकल जाईल का?’ या प्रश्नाला लोक भिडेखातर हो म्हणतात, आणि ‘किती लांब आहे?’ याचं उत्तर जगात सगळीकडे ‘हे काय, इथेच’ असंच मिळतं. त्याऐवजी असं विचारा: या वाटेने गुरं जातात का? पाऊस झाल्यावर ही वाट बंद पडते का? मध्ये फाटक किंवा कुंपण आहे का, आणि ते कुणाचं? ज्या वाटेने लादलेलं जनावर जातं, तिचा ढाळ सहसा सायकललाही झेपतो. चराऊ गुरांच्या वाटा मात्र गवतात शिरल्यावर दहा ठिकाणी फुटतात आणि हळूच नाहीशा होतात. त्या गावाला पोचवतीलच असं नाही.

सायकल: थोडक्यात

फक्त पुढे सस्पेन्शन असलेली साधी माउंटन बाइक शिकायला उत्तम. मागचं सस्पेन्शन चुका झाकतं, शिवाय त्याची देखभाल वेगळी. चाक २७.५ इंची असो की २९ इंची, सुरुवातीला फरक नगण्य. माझ्या लेखी दोनच गोष्टी अडून बसण्यासारख्या आहेत. एक, डिस्क ब्रेक. दुसरी, पुरेसा हलका गिअर: पुढच्या चकतीचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा कमी असायला हवेत. पुढे ३२ आणि मागे ५१ दात असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात २९ इंची सायकल दीड मीटरच्या आतच पुढे सरकते. ते हास्यास्पद वाटतं, पण खडा चढ लागला की तेच हवं असतं.

टायरच्या हवेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. रस्त्याच्या सवयीने लोक टायर टणक फुगवतात आणि मग मातीवर चाक उड्या मारतं. सव्वादोन ते अडीच इंच रुंदीचा टायर, आत ट्यूब आणि साधारण सत्तर किलो वजनाचा चालक, असं असेल तर २५ ते ३० पीएसआयपासून (हे हवेच्या दाबाचं माप, पंपावर दिसतं) सुरुवात करा. ट्यूबलेस असेल तर आणखी थोडी कमी चालते. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा एक-दोन पीएसआय कमी ठेवा. फार कमी केलीत तर दगडावर आपटताना ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तसं पंक्चर दिसलं की समजा, हवा वाढवायची आहे.

पुढच्या सस्पेन्शनची हवा बदलता येत असेल तर सायकलवर नुसतं बसल्यावर ते आपल्या एकूण हालचालीच्या वीस-पंचवीस टक्के दबायला हवं.

आणि एक अगदी साधी तपासणी: पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे? ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानमध्ये तो सहसा उजव्या हाताला असतो, अमेरिका आणि युरोपच्या मुख्य भूमीवर डाव्या. भाड्याची किंवा मित्राची सायकल घेतलीत तर सपाटीवर हळू चालवून हे हाताला कळू द्या.

पाठीवर काय

हेल्मेट तर हवंच, आणि त्याच्या आत युरोपच्या ईएन १०७८ किंवा अमेरिकेच्या सीपीएससी मानकाचं लेबल असू द्या. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला, कारण आतला फोम एकदा दबला की पुन्हा फुलत नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि चष्मा हे चैनीचे वाटतात, पण डोळ्यात चिलट गेल्यावर उतारावर काय होतं याचा विचार करा.

पिशवीत: एक जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, पंक्चरचे ठिगळ, चेन तोडायची सोय असलेलं मल्टिटूल, आपल्या चेनला बसणारी जोडकडी, आणि मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ज्यावर बसतो तो हँगर. हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा सायकल आपटली की वाकण्यासाठीच बनवलेला असतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्याने आयत्या वेळी मिळत नाही. दर तासाला साधारण अर्धा लिटर या हिशेबाने पाणी, उन्हात त्याहून जास्त. शिट्टी, प्रथमोपचाराची पट्टी, डोक्याला लावायचा दिवा. नकाशा फोनमध्ये उतरवून घेतलेला हवा, कारण दरीत सिग्नल नसतो.

हे सगळं नेऊनही ट्यूब बदलता येत नसेल तर उपयोग शून्य. घरी एकदा मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, परत बसवून पाहा.

आधी मैदानात

डोंगराकडे जाण्याआधी मोकळ्या गवतावर तीन गोष्टी अंगवळणी पाडा.

पहिली, पेडलवर उभं राहणं. दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली, गुडघे आणि कोपर वाकलेले, छाती खाली. वजन पायांवर, हात हलके. या स्थितीत सायकल शरीराखाली हवी तशी डोलू शकते. मातीवर जे काही करायचं ते याच स्थितीतून.

दुसरी, एका बोटाने ब्रेक. दोन्ही तर्जन्या ब्रेकवर, उरलेली बोटं हँडलवर. थांबवण्याची बरीचशी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. त्याला घाबरून फक्त मागचा दाबणाऱ्याचं मागचं चाक घसरत राहतं. जमिनीवर रेघ ओढा आणि चाक न घसरवता बरोबर तिथे थांबायचा सराव करा. वेग हळूहळू वाढवा.

तिसरी, अतिशय हळू चालवणं. पाय न टेकता चालणाऱ्या माणसापेक्षा कमी वेगाने आठाच्या आकड्यात फिरता यायला लागलं, की डोंगरातली अर्धी वळणं जमली असं समजा. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच लोक टाळतात.

चढताना: पाय चालू, डोळे वाचत

गिअर चढ सुरू होण्यापूर्वी हलका करा. चढावर पूर्ण जोर लावून गिअर बदलला तर चेन कटकटते आणि कधी कधी तुटतेही. सीटवर बसूनच राहा. उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि ते सुट्या मातीत गरगर फिरतं. चढ खडा झाला की पुढचं चाक उचलायला लागतं. तेव्हा सीटच्या टोकाकडे सरका, कोपर खाली घ्या, छाती हँडलकडे न्या. ही मागे-पुढे सरकण्याची कसरत दर काही मीटरला करावी लागते. चढण जमणं म्हणजे बरंचसं हेच.

मध्ये थांबावं लागलं आणि पुन्हा सुरू होता येईना, तर सायकल उताराला तिरकी लावा, वरच्या बाजूला पाय टेका, पुढचा पेडल वरच्या टप्प्यापासून थोडा पुढे ठेवा आणि एक जोरकस दाब द्या. नाही जमलं तर थोडं ढकला आणि सपाटसा तुकडा बघून बसा.

ढकलण्याचा वेळ वाया गेला असं समजू नका. हीच वाट वाचण्याची वेळ. परतीला जिथे ब्रेक दाबायचा, त्या जागेची खूण मनात पक्की करा: वाकडं झाड, पांढरा दगड, कुंपणाचा खांब. अवघड जागी मागे वळून बघा. वाट वरून खाली वेगळीच दिसते. चढताना न जाणवलेली दगडाची पायरी वरून बघितल्यावर कळते. पाणी वाटेवरून कुठून आलं आणि कुठे बाहेर पडलं, तेही पाहा. जिथे ते बाहेर पडतं तिथे वाळू आणि खडी साचते, आणि ती जागा नेमकी वळणावर असते.

उतरताना

सीट खाली करा. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे वर-खाली होणारा सीटचा दांडा, असेल तर बटणाने, नसेल तर थांबून हाताने. उंच सीट उतारावर मागून ढकलते आणि शरीराला हलायला जागा ठेवत नाही.

नजर पुढच्या चाकावर ठेवू नका. दोन-तीन सेकंदांनी जिथे पोचाल तिथे बघा. दगड चुकवायचा असेल तर दगडाकडे न बघता त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघा. सायकल नजरेच्या मागे जाते, हे वाचून पटत नाही, करून पटतं.

जुनी शिकवण अशी, की उतारावर शरीर जमेल तेवढं मागे न्यावं. फार मागे गेलात तर पुढच्या चाकावर वजन उरत नाही आणि ते वळायला नकार देतं. वजन पेडलवर, कंबर सीटच्या किंचित मागे, उतार खडा झाला तरच आणखी मागे.

आता ब्रेक. नवशिका अख्ख्या उतारावर ब्रेक धरून ठेवतो, आणि त्याचे तोटे दोन. खडबडीत जागी ब्रेक लागलेलं चाक दगडावरून घरंगळत जाण्याऐवजी त्याला अडतं, आणि सतत घासून ब्रेक तापतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये ज्या उताराच्या शर्यतींपासून या खेळाची सुरुवात मानतात, त्यांत हे तापणं टोकाला गेलं होतं. साडेतीन किलोमीटरच्या आत जवळपास चारशे मीटर उतार, जाड टायरच्या जुन्यापान्या सायकली, आणि उलटं पेडल मारून लागणारा एकुलता एक ब्रेक. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, ग्रीस जळून धूर निघे, आणि दर फेरीनंतर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागे. त्यातल्याच जो ब्रीझ याने १९७७ मध्ये डोंगरासाठी म्हणून वेगळी फ्रेम बांधली. १९९६ मध्ये हा खेळ अटलांटा ऑलिंपिकपर्यंत पोचला. आजच्या डिस्कही लांब उतारावर सतत धरल्या तर तापतात आणि पकड मंदावते.

म्हणून ब्रेक तुकड्या-तुकड्यात लावा. सपाट, घट्ट जमिनीवर जोरात. दगड आणि मुळांवर सोडून द्या. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात शिरल्यावर ब्रेक मोकळे. चढताना घेतलेल्या खुणा इथे कामाला येतात: पांढरा दगड दिसला की दाब, त्याच्यापुढे मूळ आहे तिथे सोड.

आखूड वेटोळ्या वळणावर बाहेरच्या कडेने शिरा, हळू व्हा, आणि मान वळवून वळणाच्या शेवटाकडे बघा. दरीकडे बघत राहिलात तर तिकडेच जाल. पहिल्यांदा पाय टेकवत वळलात तरी हरकत नाही, पण पाय डोंगराच्या बाजूला टेका. दरीच्या बाजूला जमीन खाली असते आणि पाय पोचत नाही.

ओलं मूळ साबणासारखं निसटतं. ते काटकोनात ओलांडा आणि त्यावर असताना ना ब्रेक, ना वळण. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडगोट्यांच्या उतारावर, चाकं थोडी इकडेतिकडे सरकणारच. हँडल घट्ट आवळू नका, पुढचा ब्रेक हलकेच वापरा, सरळ राहा. आडव्या वाटेवर घसारा असेल आणि खाली दरी असेल, तर उतरून चाला. कुणीही कितीही चांगलं चालवत असो, काही जागा चालायच्याच असतात.

ओढे आणि चिखल

तळ दिसत नसलेल्या पाण्यात सायकल घालू नका. आधी काठीने किंवा पायाने खोली बघा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल तर सायकल उचलून पलीकडे न्या, कारण तिथल्या बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. उथळ असेल तर हलका गिअर, सरळ रेषा आणि न थांबता पेडल. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-तीनदा दाबून कोरडे करा.

चिखलाची कसोटी सोपी आहे: चाकाची खोल चाकोरी मागे उरत असेल, तर परत फिरा. ओल्या मातीतली चाकोरी वाळून कडक होते, पुढच्या पावसात तीच पाण्याची वाट बनते, आणि वर्षभर त्याच वाटेने चालणाऱ्यांना ती सोसावी लागते. चिखल चुकवायला कडेने जाणं त्याहून वाईट, कारण वाट रुंद होत जाते आणि कडेचं गवत मरतं.

माणसं, जनावरं, फाटकं

चालणाऱ्याला आणि जनावराला नेहमी आधी वाट द्या. समोरून कुणी सायकल चढवत येत असेल तर उतरणाऱ्याने थांबायचं. चढणारा एकदा थांबला की पुन्हा सुरू होणं किती कठीण, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. मागून जाताना घंटी किंवा आवाज लांबून द्या, शेजारी येऊन नको.

घोडा दिसला तर थांबा, उतरा, उताराच्या खालच्या बाजूला उभे राहा आणि स्वाराशी बोला. माणसाचा आवाज ऐकला की घोड्याला ही चमकती वस्तू माणूसच आहे हे कळतं. गुरांच्या कळपातून सायकल रेटू नका, आणि गाय-वासरू यांच्या मध्ये कधीही शिरू नका. राखणीची कुत्री वेगावर धावून येतात. पळायच्या नादी लागू नका. उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि शांतपणे चालत बाहेर पडा. बहुतेक कुत्र्यांचं समाधान तेवढ्यावर होतं.

फाटक जसं होतं तसं ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. उघडं ठेवलेलं फाटक विसरलेलंच असतं असं नाही, पलीकडे जनावरांचं पाणी असू शकतं. कुंपणाची आडवी तार ही उतारावरची खरी भीती आहे, कारण संधिप्रकाशात ती दिसतच नाही. सकाळी उघडी असलेली वाट संध्याकाळी तारेने बंद केलेली असू शकते. चराऊ जमिनीजवळ ओळखीच्या वाटेवरही वेग आवरा.

हवा, उजेड आणि मदत

उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. चढून घामाघूम झालेलं अंग उतारावरच्या वाऱ्यात पटकन गार पडतं, म्हणून वारा अडवणारं पातळ जाकीट माथ्यावर पोचल्याबरोबर घाला, थंडी वाजायची वाट पाहू नका. दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो, सूर्यास्ताची छापील वेळ तिथे कामाची नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर माथा आणि धार सोडून खाली या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका.

घरी कुणाला तरी वाट आणि परतीची वेळ सांगून निघा. फोनला सिग्नल कुठे मिळतो, हे चढतानाच बघून ठेवा. बहुधा खिंडीत किंवा माथ्यावर मिळतो. तिथला आपत्कालीन क्रमांक माहीत असू द्या. युरोपीय संघात आणि आणखी बऱ्याच देशांत तो ११२ आहे. फोन लागत नसेल तर आल्प्सपासून रूढ झालेला संकेत असा: मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. ऐकणारा मिनिटाला तीन शिट्ट्यांनी उत्तर देतो. साथीदार पडला आणि डोक्याला मार लागला असेल, गोंधळल्यासारखं बोलत असेल, तर तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला सायकलवर बसू देऊ नका.

परत आल्यावर

वाळलेला चिखल ब्रशने झाडा. धुवायची असेल तर साध्या धारेने. जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. चेन पुसा, कोरडी होऊ द्या, तेल फक्त कड्यांच्या सांध्यांवर सोडा आणि वरचं पुसून टाका. चेन मोजायचं साधन असेल तर झिजून चेन ०.५ टक्क्याजवळ लांबली की अकरा-बारा गिअरची चेन बदला. उशीर केलात तर मागच्या चकत्याही बदलाव्या लागतात, आणि त्या चेनपेक्षा पुष्कळ महाग असतात. चाकं हवेत फिरवून टायरमध्ये काटा किंवा काच रुतली आहे का ते पाहा. तेलाचा थेंब डिस्कवर उडणार नाही याची काळजी घ्या. पॅडला तेल लागलं की ब्रेक किंचाळतो, पकडत नाही, आणि बहुतेक वेळा नवे पॅडच घालावे लागतात.